विश्लेषण : ब्रिटनच्या कालव्यांतून नावेने फिरायचे, पण कालवाच बंद असेल तर?

महाराष्ट्रात कालवा म्हटले की आठवते ते आवर्तन. धरणातून पाणी कधी सुटणार, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोहोचणार की वाटेतच मुरणार, यावरून बैठका होतात, आंदोलने होतात. इंग्लंडमध्ये २०२५ च्या मे महिन्यापासून कालव्यांच्या पाण्याचा असाच हिशेब सुरू झाला. तिथे पाण्याची वाट पाहत होत्या त्या मात्र नावा. लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा विगन ते गारग्रेव्ह हा लांबलचक टप्पा जलाशयांत पाणी नाही म्हणून बंद झाला. उन्हाळा पुढे सरकला तसे मॅकल्सफील्ड, पीक फॉरेस्ट, रॉचडेल आणि हडर्सफील्ड नॅरो या कालव्यांवरही निर्बंध आले. सुट्टीसाठी नाव भाड्याने घेणाऱ्यांचे बेत कोलमडले आणि ज्यांचे घरच नावेत आहे त्यांचे तर घर अडकून पडले. लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅमला नातलगांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आता ही कालव्यातली सहल खुणावते. तिचे गणित मात्र आगगाडीच्या आरक्षणासारखे सरळ नाही.

कालव्याला पाणी लागतेच किती?

ब्रिटनचे कालवे सिंचनासाठी खोदलेले नाहीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोळसा, लोखंड, मीठ, चिनीमाती आणि कापूस वाहून नेण्यासाठी ते खोदले गेले. त्यांतले पाणी जवळजवळ स्थिर असते. ते कुणाच्या शेतात जात नाही, तरीही खर्च होते. कारण वाटेत डोंगर येतात आणि नावेला तो चढावा-उतरावा लागतो.

हे काम करतो तो लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी किंवा विटांचा हौद. नाव खालच्या बाजूने आत आली की मागचे दरवाजे लावायचे, वरच्या कालव्यातले पाणी झडपा उघडून हौदात घ्यायचे आणि नाव पाण्याबरोबर वर आली की पुढचे दरवाजे उघडायचे. उतरताना याच्या उलट. दोन्ही वेळा हौदभर पाणी वरून खाली जाते. सुमारे ७ फूट रुंदीच्या अरुंद लॉकमध्ये एका खेपेला साधारण सव्वा लाख लिटर पाणी जाते. रुंद लॉकमध्ये त्याच्या दुप्पट. एक नाव डोंगर ओलांडून पलीकडे गेली की माथ्यावरच्या पाण्यातून दोन हौद वजा होतात. हे पाणी भरून काढायला माथ्याजवळ जलाशय बांधलेले असतात. ते आटले की कालवा दिसायला भरलेला असला तरी वाहतुकीला मिटतो. एखाद्या गावात पाणी काठोकाठ दिसते आणि फलक मात्र ‘बंद’ म्हणतो, हे कोडे तिथेच सुटते.

लीड्स-लिव्हरपूल कालवा हे याचे ठळक उदाहरण. १७७० मध्ये काम सुरू झाले आणि १८१६ मध्ये पूर्ण झाले. लांबी सुमारे २०५ किलोमीटर, मुख्य मार्गावर ९१ लॉक, आणि मध्ये पेनाइन पर्वतरांग. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस थांबला, तेव्हा मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जाणाऱ्या गाठी वाढल्या. लिव्हरपूलहून लँकेशायरच्या गिरणीगावांकडे माल नेणाऱ्या वाटांपैकी हा कालवा एक. पण माथ्यावरच्या जलाशयांची क्षमता ही त्याची जुनी दुखरी नस आहे. २०१० मध्ये तो पाण्याअभावी बंद पडला, २०२२ मध्ये पुन्हा, आणि २०२५ मध्ये तर ऐन वसंतातच. त्या वर्षीचा वसंत इंग्लंडमध्ये शतकभरातला सर्वांत कोरडा ठरला होता.

फक्त पावसाला दोष देऊन भागत नाही. १ ऑगस्ट २०१९ रोजी मुसळधार पावसात व्हेली ब्रिज गावाच्या डोक्यावरील टॉडब्रूक जलाशयाच्या सांडव्याचा काही भाग कोसळला. दीड हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने खडीच्या गोण्या टाकून बांध सावरला. पीक फॉरेस्ट आणि मॅकल्सफील्ड कालव्यांना पाणी पुरवणारा हा जलाशय तेव्हापासून रिकामा करून ठेवला गेला. २०२५ च्या उन्हाळ्यातही त्याची दुरुस्ती पूर्ण झालेली नव्हती. म्हणजे त्या दोन कालव्यांनी दुष्काळाला तोंड दिले ते एक साठवण आधीच गमावून.

पाणी जास्त झाले तरी संकटच?

होय. पुण्यात सप्टेंबर २०१८ मध्ये मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पूल परिसरातील वस्तीत पाणी घुसले, ते चित्र अनेकांना आठवत असेल. इंग्लंडमध्ये २०२५ चा पहिलाच दिवस अशा बातमीने उजाडला. अतिवृष्टीनंतर चेशायरमधील लिटल बॉलिंग्टनजवळ ब्रिजवॉटर कालव्याच्या भरावाला भगदाड पडले आणि पाणी आसपासच्या शेतांत पसरले. १७६१ मध्ये वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला आणण्यासाठी खुला झालेला हा कालवा ब्रिटनमधील कालवेयुगाची सुरुवात मानला जातो. तो सरकारी नाही, कुठल्या विश्वस्त संस्थेचाही नाही. पील या खासगी उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. त्यामुळे फुटला तेव्हा पहिला प्रश्न दुरुस्ती कशी करायची हा नव्हता, खर्च कोण देणार हा होता.

कधी कारण अगदी क्षुल्लक असते. मार्च २०१८ मध्ये मिडलविचजवळ श्रॉपशायर युनियन कालव्याच्या शाखेचा भराव वाहून गेला. कुणीतरी लॉकच्या झडपा उघड्या ठेवल्या, जादा पाणी खाली आले आणि भरावावरून वाहू लागले, असे कालव्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेने सांगितले. कालवा पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर उजाडला आणि सुमारे ३० लाख पौंड खर्च झाले. लॉकमधून बाहेर पडताना ‘झडपा खाली आहेत ना’ हे मागे वळून पाहण्याची किंमत एवढी असू शकते.

यांशिवाय हिवाळ्यातली ठरलेली बंदी असतेच. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात लॉक रिकामे करून भिंती सांधतात, दरवाजे बदलतात. ओकच्या लाकडाचा दरवाजा जेमतेम २५-३० वर्षे टिकतो आणि प्रत्येक लॉकच्या मापाने तो वेगळा घडवावा लागतो. ही बंदी आधीच जाहीर होते, त्यामुळे तिच्याबद्दल फारशी तक्रार नसते.

परवाने, दाखले, चाव्या : कागदोपत्री काय लागते?

पाहुण्यासाठी उत्तर सुखद आहे. भाड्याची नाव चालवायला कोणताही वाहनपरवाना लागत नाही. भारतीय पासपोर्टधारकाने पर्यटक व्हिसा काढला, नाव देणाऱ्या कंपनीने तासाभरात सुकाणू, इंजिन, लॉक आणि गॅस समजावून दिला, की पन्नास-साठ फुटांची आणि कित्येक टनांची नॅरोबोट थेट हाती येते. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४ मैल, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाची. भारताप्रमाणेच ब्रिटनमध्ये रस्त्यावर डावीकडून जातात. कालव्यात मात्र उजवीकडून. पहिल्या तासाभरात सर्वांचा गोंधळ इथेच होतो.

स्वतःची नाव असेल तर मात्र फाइल जाड होते. इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहेत. त्याआधी ‘ब्रिटिश वॉटरवेज’ हे सरकारी महामंडळ होते. ट्रस्टचा परवाना हवा असेल तर विमा हवा, दर ४ वर्षांनी नौकासुरक्षेचा दाखला हवा, आणि नाव बांधायची कायमची जागा आहे की ती सतत फिरती राहणार, हे लिहून द्यायला हवे. पण टेम्स नदीत शिरले की हद्द पर्यावरण खात्याची, ब्रिजवॉटरवर कंपनीची आणि स्कॉटलंडमध्ये ‘स्कॉटिश कॅनाल्स’ची. काही ठिकाणी एकमेकांचे परवाने ठरावीक दिवस चालतात, काही ठिकाणी पाहुण्यांचा छोटा परवाना काढावा लागतो. तालुका बदलला की दुसऱ्या कचेरीत खेटे घालण्याची सवय असलेल्या वाचकाला यात फार नवल वाटणार नाही.

मग बेत आखायचा कसा?

नकाशा उघडला की मोह होतो तो वर्तुळाचा. निघालो तिथेच परत, पण एकही वाट दुसऱ्यांदा नाही. चेशायर रिंग हे त्यातले सर्वांत लाडके वर्तुळ : ९७ मैल, ९२ लॉक, सहा कालवे. नौकाप्रवासी एक साधा हिशेब वापरतात. मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तिला ३ ने भागा. येतील तेवढे तास. ९७ अधिक ९२ म्हणजे १८९, म्हणजे ६३ तास. आठवड्याच्या सुट्टीत रोज ९ तास नाव हाकावी लागेल, तेही एकही लॉक रांगेत न अडता. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे वर्तुळ दोन आठवड्यांखाली घेऊच नये.

वर्तुळाचा खरा दोष वेगळा आहे. ते एका जागी तुटले की सगळेच तुटते. चेशायर रिंगचे सहा कालवे म्हणजे ब्रिजवॉटर, रॉचडेल, अ‍ॅश्टन, पीक फॉरेस्ट, मॅकल्सफील्ड आणि ट्रेंट अँड मर्सी. वर आलेली नावे पुन्हा वाचली तर लक्षात येईल की २०२५ मध्ये यांपैकी एक फुटला होता आणि तीन कालव्यांवर पाण्याअभावी निर्बंध होते. अशा वर्षी शहाणपणाचा बेत म्हणजे जाऊन-येऊन करण्याचा. एकाच वाटेने चार दिवस जायचे आणि तीन दिवसांत परत यायचे. पुढे रस्ता बंद झाला तर तिथूनच वळायचे. यात कमीपणा काही नाही. येतानाचा कालवा जातानाच्या कालव्यासारखा दिसत नाही, हे जाऊन आलेले सांगतात.

वळायचे म्हटले तरी कुठेही वळता येत नाही. ६० फुटांची नाव ४० फुटांच्या कालव्यात आडवी होणार कशी? त्यासाठी काठ खोदून रुंद केलेल्या खास जागा असतात. त्या नकाशावर आधी हेरून ठेवाव्यात. लांबीचा आणखी एक सापळा आहे. पूर्ण लांबीची नॅरोबोट ७० फुटांच्या आसपास असते आणि मिडलँड्सच्या बहुतेक लॉकमध्ये मावते. पण विगनच्या पूर्वेला लीड्स-लिव्हरपूलचे लॉक सुमारे ६२ फुटांचेच आहेत. तिथे सत्तर फुटी नाव घेऊन जाणाऱ्याला दुष्काळ नसला तरी वाट बंदच. ५७ फुटांपर्यंतची नाव जवळजवळ सगळीकडे जाते, म्हणून जाणकार तीच मागतात.

मग येतात वेळा आणि आगाऊ नोंदणी. हडर्सफील्ड नॅरो कालव्यावरचा स्टँडएज बोगदा ५ किलोमीटरहून लांब आहे, ब्रिटनमधला सर्वांत लांब कालवाबोगदा. त्यातून जायला आधी तारीख घ्यावी लागते आणि ट्रस्टचा माणूस नावेत सोबत बसतो. चेशायर रिंगवरच्या प्रेस्टन ब्रूक बोगद्यात दोन नावा समोरासमोर मावत नाहीत, म्हणून तासातल्या ठरलेल्या मिनिटांतच आत शिरता येते. केनेट अँड एव्हन कालव्यावर केन हिल इथे लागोपाठ २९ लॉक आहेत. तिथे दुपार टळल्यावर खाली पोहोचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळची वाट पाहावी लागते. लॉक फिरवायचा लोखंडी दांडा कंपनी देतेच, पण मँचेस्टर परिसरात झडपांना वेगळे कुलूप असते आणि त्याची किल्ली वेगळी. ती विसरली तर भर शहरात नाव उभी.

बंदच्या सूचना ट्रस्टच्या संकेतस्थळावर येतात आणि कालवा निवडून ईमेलवरही मागवता येतात. पैसे भरण्याआधी त्या कालव्याच्या जलाशयांचा साठा पाहावा. ट्रस्ट तो नियमित प्रसिद्ध करते. एप्रिलमध्येच साठा खाली गेला असेल तर ऑगस्टचे आश्वासन कुणी देऊ शकत नाही. करार वाचताना ‘मार्ग बदलण्याचा अधिकार’ असे कलम शोधावे. अनेक कंपन्या कालवा बंद झाल्यास पैसे परत न करता दुसऱ्या मार्गाने किंवा दुसऱ्या तळावरून नाव देतात. ते मान्य नसेल तर विमा कशाकशाला लागू आहे, हे आधी विचारलेले बरे. आणि डोंगर ओलांडणारा मार्ग टाळून सखल भागातला किंवा नदीचे पाणी घेणारा मार्ग निवडला तर कोरड्या वर्षातही सहल होण्याची शक्यता बरीच वाढते. उत्तर वेल्समधील लँगॉलेन कालवा डी नदीचे पाणी घेतो. पाँटकिसिल्टे हा १८०५ चा प्रसिद्ध जलसेतू त्याच्यावरच आहे.

नोटिशीने पूल उचलला, तिकिटाने कालवा वाचला

कागदांना नावे ठेवणाऱ्यांनी दोन जुन्या गोष्टी ऐकायला हव्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमजवळ लिफर्ड इथे स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचा उचलता पूल काढून रेल्वे कंपनीने तिथे बसका, पक्का पूल टाकला. नाव जाणे अशक्य झाले. पण नौकानयनाचा कायदेशीर हक्क रद्द झालेला नव्हता. पूर्वसूचना दिल्यास पूल उचलून दिला जाईल, असे सरकारने संसदेत सांगितले. अभियंते आणि लेखक एल. टी. सी. रोल्ट यांनी शब्दशः तेच केले. मे १९४७ मध्ये आपली ‘क्रेसी’ नाव घेऊन येत असल्याची सूचना दिली आणि रेल्वेच्या कामगारांना जॅक लावून पूल वर उचलावा लागला. आदल्याच वर्षी रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांनी ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन केली होती. बंद पडत चाललेले कालवे वाचवण्याची चळवळ तिथून उभी राहिली.

दुसरी गोष्ट त्याच कालव्याच्या दक्षिण भागाची. १९५८ मध्ये वॉरविकशायर कौन्सिलने तो अधिकृतपणे मोडीत काढण्यासाठी अर्ज केला. तीन वर्षांत त्यावरून कुणी गेलेलेच नाही, हा आधार. तेव्हा पुढे आले ते एक तिकीट : होडी वल्हवत जाणाऱ्यांनी रीतसर पैसे भरून घेतलेली पावती. अर्ज फेटाळला गेला. नॅशनल ट्रस्टने कालवा चालवायला घेतला. स्वयंसेवक, सैनिक आणि कैदी यांनी चिखल उपसला. जुलै १९६४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. ज्यावरून कुणी जात नाही तो कालवा सरकारी भाषेत अस्तित्वातच नसतो. म्हणून आजही काही नौकाप्रवासी मुद्दाम कमी वापराच्या शाखांमध्ये नाव घालतात. गाळात रुतले तरी.

नावेतच घर असणाऱ्यांचे काय?

सुट्टीवाल्याचे फार तर आठ दिवस वाया जातात. ज्यांना कायमची जागा नाही अशा नावांना १९९५ चा कायदा लागू होतो : एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक थांबायचे नाही, परिस्थितीनुसार वाजवी असेल तेवढी मुदत वाढू शकते. पण पुढचा आणि मागचा लॉक दोन्ही कुलूपबंद असतील तर हलायचे कुठे? ‘वाजवी’ हा शब्द अशा वेळी आधार देतो, मात्र वाजवी म्हणजे काय हे परवाना देणारेच ठरवतात. पिण्याचे पाणी भरायची जागा, संडासाची टाकी रिकामी करायची जागा, कोळसा आणि डिझेल विकणारी नाव हे सगळे बंद लॉकच्या पलीकडे राहिले, तर अडचण नियमापेक्षा मोठी होते. शहरांत घरभाडे परवडत नाही म्हणून नावेत राहायला आलेल्यांची संख्या लक्षणीय आहे. त्यांच्यासाठी हा हौशी छंद नाही.

त्यातच एप्रिल २०२४ पासून अशा फिरत्या नावांच्या परवान्यावर अधिभार लागू झाला. तो ५ टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने २५ टक्क्यांपर्यंत जाणार आहे. या नावा कालव्यांचा वापर अधिक करतात, असा ट्रस्टचा युक्तिवाद. ज्यांना परवडत नाही त्यांच्याच खिशात हात घातला जातो, असे ‘नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन’चे म्हणणे. बंद कालव्यात अडकलेल्याकडून जास्त वापराचे पैसे घेणे पटण्याजोगे नाही, हे ट्रस्टच्या हितचिंतकांनाही मान्य करावे लागेल. मात्र ट्रस्टची तिजोरीही आटते आहे. सरकारचे सध्याचे वर्षाला सुमारे ५ कोटी पौंडांचे अनुदान २०२७ पर्यंतचे आहे. पुढच्या १० वर्षांसाठी जुलै २०२३ मध्ये जाहीर झालेली रक्कम ४० कोटी पौंड आहे आणि ती दरवर्षी ५ टक्क्यांनी घटत जाणार आहे. महागाई धरली तर हा तोटा ३० कोटी पौंडांहून अधिक असल्याचे ट्रस्ट सांगते. दोनशे वर्षांचे भराव, सत्तरहून अधिक जलाशय आणि २५ वर्षांत कुजणारे ओकचे दरवाजे यांची दुरुस्ती याच पैशांतून व्हायची आहे.